कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं, डाग जाईना. दगडात असं असतंय तरी काय?

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. विषय स्वयंपाकघरातला आहे पण जाणार दुसरीकडेच, आधीच सांगते. बेळगावात आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी किचन नवीन केलं, ओट्याला काळा कडप्पा बसवला. दुकानदार म्हणाला ग्रॅनाईटसारखाच टिकतो ताई, काय होत नाही त्याला. परवा लोणच्याला तीन डझन लिंबं चिरली, रस सांडला, मी फोनवर होते, पुसायला तासभर उशीर झाला. आता तिथं पांढरट खरबरीत डाग पडलेत, अर्ध्या फोडीचे अगदी गोल गोल शिक्के. साबण झाला, सोडा झाला, नारळाची शेंडी झाली, काही उपयोग नाही.

काल मिस्त्री आले होते दुसऱ्या कामाला, बागलकोट जिल्ह्यातल्या लोकापूरकडचे आहेत, कन्नड-मराठी मिसळून बोलतात. त्यांनी डागावरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "अक्का, हे डाग न्हवं. लिंबानं दगडच खाल्लाय. सुण्णद कल्लु हाय हे." म्हणजे चुन्याचा दगड. आमच्या गावाकडं पण असला दगड ढीग हाय, सिमेंटवाले नेतात म्हणाले.

तर दोन प्रश्न. डाग कसा काढू? आणि दुसरा मुलाचा, तो सातवीत आहे, त्याला शाळेत सांगितलंय की चुनखडी समुद्रात तयार होते. मग लोकापूरला समुद्र कुठला ओ? गोव्याचा समुद्र पण आमच्यापासून शंभर किमीच्या वर आणि मध्ये अख्खा घाट.

काहीच_कळत_नाही

लोकापूरला समुद्र नाही पण उन्हाळ्यात तिकडं गेलं की माणूस मिठागर होतंय हे खरं.

निपाणीकर_तात्या

डागावर खोबरेल तेल लावून बघा, दोन दिवस काळा दिसतोय, मग परत वर येतोय. आमच्या दुकानातल्या काउंटरला तसंच करतो. बाकी समुद्राचं काय आपल्याला ठावं नाही. चुना मात्र रोज विकतो, तंबाखूबरोबर.

गोकाकचा_ठेकेदार

मिस्त्री बरोबर बोललाय. कडप्पा, शहाबादी फरशी, कोटा, तिन्ही चुनखडीच. ग्रॅनाईट वेगळा, त्याला लिंबानं काय होत नाही. इलकलचा लाल दगड तो ग्रॅनाईट (इलकल म्हटलं की बायकांना साडी आठवते, आम्हाला खाण). डागाचं म्हणाल तर तो पुसून जाणार नाही कारण तिथली पॉलिशच गेली. मशीन लावून परत घासून पॉलिश करायला लागेल. आणि कृपा करून बाथरूमचं ऍसिड लावू नका, एका गिऱ्हाईकानं लावलं होतं, ओट्याची चाळण झाली.

खडकवेडा

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो, आता रिटायर आहे, त्यामुळे वेळच वेळ आहे, लांबलचक लिहितोय, चालवून घ्या.

आधी तुमच्या ओट्यावर काय झालं ते. हा दगड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट पडलं की कार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साईड उडून जातो आणि कॅल्शियम रसात विरघळतं. तुम्ही फडक्यानं पुसलात ते पाणी म्हणजे थोडा दगडच होता. कडप्प्याचा चुरा करून त्यावर लिंबू पिळलंत तर बारीक फेस दिसेल, कान जवळ नेला तर चुर्र ऐकू पण येतं.

आता समुद्र. गोकाकचा धबधबा सगळ्यांनी पाहिलाय. घटप्रभा जिथनं ५० मीटरच्या वर खाली उडी घेते तो कडा रेतीच्या दगडाचा. ती रेती कुठल्या तरी जुन्या डोंगराची झीज, पाण्यानं वाहून आणून टाकलेली. म्हणजे तो माल बाहेरगावचा. चुनखडीचं तसं नसतं. ती जिथं सापडते तिथंच, त्याच पाण्यात तयार झालेली असते. नदी फक्त कॅल्शियम विरघळवून आणते, डोळ्याला न दिसणारं, आणि समुद्रात त्याचा घन माल बनतो. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कच्चा माल भरपूर आहे, प्रश्न एवढाच की तो पाण्यातनं बाहेर कधी पडतो.

सोड्याची बाटली आठवा. थंड आणि झाकण घट्ट असेल तर गॅस आत राहतो, गरम झाली आणि उघडली की फसफसून जातो. समुद्राचं तसंच. पाण्यात कार्बन डायऑक्साईड जास्त असला की पाणी किंचित आंबट आणि कार्बोनेट विरघळलेलं राहतं. पाणी तापलं, उथळ झालं, लाटांनी घुसळलं, किंवा शेवाळानं आपल्या जेवणासाठी तो गॅस ओढून घेतला, की कार्बोनेट बाहेर पडायला लागतं. म्हणून हा कारखाना चालतो उबदार, उथळ, नितळ पाण्यात. ऊन तळापर्यंत पोचलं पाहिजे आणि नदीचा गाळ येता कामा नये. गढूळ पाण्यात प्रवाळ गुदमरतं. त्यामुळं आपल्या कोकण किनाऱ्यावर, जिथं पावसाळ्यात नद्या लाल पाणी ओततात, प्रवाळाची बेटं दिसत नाहीत, आणि लक्षद्वीपला दिसतात. लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू मुठीत घेऊन बघा, त्यात आपल्या नदीच्या वाळूसारखी गारगोटी नसते, सगळे प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचे तुकडे, डोळ्याला जेमतेम दिसणारी फोरॅमिनिफेरा नावाच्या जीवांची घरं. आणि थोडी वाळू पोपटमाशाच्या पोटातनं आलेली. तो प्रवाळ कुरतडतो, दळतो आणि मागनं वाळू सोडतो. हनिमूनला ज्या वाळूवर फोटो काढतात त्यातली थोडी माशाची शी आहे हे मी वर्गात सांगायचो, तेवढंच पोरांच्या लक्षात राहायचं.

बीएस्सी_पोरगं

सर मस्त. म्हणजे शिंपले, प्रवाळ मेले, तळाशी साठले, वरून दाब पडला आणि चुनखडी झाली. लोकापूरची पण अशीच ना?

खडकवेडा

तिथंच फसलास. लोकापूर, कलादगी, बागलकोट या पट्ट्यातल्या चुनखडीत शिंपला शोधायला जाशील तर म्हातारा होशील. हे खोरं ज्याला भूशास्त्रात कलादगी खोरं म्हणतात त्याचं वर्णन रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानं १८७६ मध्ये केलं, आपल्या भागाला तेव्हा साहेब लोक दक्षिण मराठा प्रदेश म्हणायचे. इथली चुनखडी शंभर कोटी वर्षांहून जुनी. कवच असलेले प्राणी पृथ्वीवर दिसायला लागले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. ही चुनखडी साठत होती तेव्हा शिंपला नव्हता, मासा नव्हता, जमिनीवर गवताची काडी नव्हती.

घाट_बघितला_की_घाम

मग केलं कुणी? आपोआप?

खडकवेडा

थोडं आपोआप, थोडं बुळबुळीत शेवाळानं. सूक्ष्मजीवांची चटई असते तळावर, टाकीच्या कडेला हिरवा थर बसतो ना तशी. दिवसा ती कार्बन डायऑक्साईड ओढते, त्यामुळं भोवतीच्या पाण्यातनं कार्बोनेट खाली बसतं, शिवाय अंग चिकट असल्यानं तरंगणारी कणीही अडकते. मग चटई गाळाखाली झाकली जाते, उजेडासाठी वर सरकते, पुन्हा नवा थर. असं करत करत घुमटासारखे ढीग तयार होतात, त्यांना स्ट्रोमॅटोलाईट म्हणतात. कलादगी खोऱ्यातल्या डोलोमाईटमध्ये (चुनखडीचाच भाऊबंद दगड) ते आहेत. जिवंत बघायचे तर ऑस्ट्रेलियात शार्क बे, तिथं हॅमेलिन पूल म्हणून खाडी आहे, पाणी इतकं खारट की शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी फारशा टिकत नाहीत, म्हणून चटया वाचल्या.

लोकापूर_डबल_रोड

ओ सर थांबा थांबा. आमच्या शेताच्या बांधाला एक दगड हाय, उभा कोबी मधोमध कापल्यावर कसा दिसतोय, एकावर एक वाट्या रचल्यासारख्या रेषा, तसा. आज्जी त्यावर बसून शेंगा फोडायची. आम्हाला वाटायचं कुणीतरी कोरलाय. ते हेच काय?

खडकवेडा

फोटो बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगणार नाही, पण वर्णन अगदी तसंच आहे. वाट्यांचं तोंड कुठल्या बाजूला आहे बघ. फुगीर बाजू ही त्या काळची वरची बाजू. दगड उलटा पडला असेल तर कळेल. आणि फोडू नकोस रे बाबा.

लोकापूर_डबल_रोड

फोडत न्हाई. पण आता शेंगा फोडायला भीती वाटालीय.

अथणीचा_शेतकरी

तुमचं सगळं ऐकलं. पण माझ्या रानात समुद्र न्हाई, शेवाळ न्हाई, काळी माती हाय, तरी नांगरताना पांढरे खडे निघत्यात, आल्याच्या गड्ड्यासारखे वाकडेतिकडे. पूर्वी बायका ते वेचून चुनेवाल्याला विकायच्या. त्यावर लिंबू टाकलं (आत्ताच टाकून आलोय), फेस आला. ते कुठनं आलं मग? बोअरच्या पाण्यानं बायलर पण पांढरा झालाय.

खडकवेडा

फार चांगला प्रश्न. हे खडे मातीतच तयार होतात. तुमच्या मातीखाली काळा बसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम असतं. दगड कुजला की ते सुटं होतं, पावसाच्या पाण्याबरोबर मातीत थोडं खाली जातं, आणि तुमच्याकडं पाऊस बेताचा असल्यानं पाणी खोल निचरून जाण्याआधीच वाळतं, मुळं पण ते पितात. पाणी गेलं, कार्बोनेट मागं राहिलं. वर्षानुवर्षं त्याच जागी थर चढत खडा होतो. खानापूरकडं तोच खडक असून तुम्हाला हे खडे दिसणार नाहीत, तिथं पाऊस इतका की कॅल्शियम धुऊन समुद्राला जातं आणि मागं जांभा उरतो. तिथले शेतकरी उलट रानात चुना टाकतात, माती आंबट झाली म्हणून.

खानापूर_जंगल

खरं आहे, आम्ही चुना विकत आणतो आणि अथणीवाले वेचून टाकतात. देवाचा न्याय बघा.

शहापूरची_सून

अथणीकर तुमच्या बायलरवरनं आठवलं, आमच्या गिझरची कॉईल काढली तेव्हा तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा थर होता, मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हरनं ठोकून काढला, कपच्या पडल्या अंड्याच्या टरफलासारख्या. त्यातली एक आडवी मोडली तर आत रेषा रेषा होत्या. ती पण चुनखडीच म्हणायची का सर?

खडकवेडा

हो, खुशाल म्हणा. पाणी तापलं, गॅस गेला, कार्बोनेट बसलं. समुद्रात जे होतं तेच, फक्त वीजबिल तुमच्या नावावर.

घाट_बघितला_की_घाम

एक शंका. गाळ झाला, मान्य. पण गाळाचा दगड कसा होतो? दाबानं म्हणतात. पण गिझरमध्ये कसला दाब?

बीएस्सी_पोरगं

दाब आणि उष्णता. असंच लिहितो आम्ही, दोन मार्क मिळतात.

खडकवेडा

उष्णता काढून टाक. भरपूर उष्णता आणि दाब मिळाला तर चुनखडीचा संगमरवर होतो, तो वेगळा धडा. चुनखडी व्हायला भट्टी लागत नाही. दाबही पहिल्या पायरीला फारसा लागत नाही. उष्ण किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू काही दशकांत घट्ट दगड होते, त्याला बीचरॉक म्हणतात, आणि त्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या रुतलेल्या सापडल्यात. बाटली काही शंभर कोटी वर्षांची नसते.

खरी गोष्ट चिकटण्याची आहे. बुंदीचा लाडू घ्या. बुंदी सुटी असते, दाण्यांमध्ये फटी असतात. गरम पाक ओतला, तो फटींत शिरला, थंड होताना त्याची साखर झाली आणि दाणे एकमेकांना धरून बसले. कार्बोनेटच्या वाळूत पाक म्हणजे फटींतलं पाणी. त्यातनं कॅल्साईटचे (कॅल्शियम कार्बोनेटचंच खनिज) बारीक स्फटिक दाण्यांच्या कडेला उगवतात, आधी कडेकडेनं, मग मधली पोकळी भरत जाते. याला सिमेंट म्हणतात, पोत्यातलं नव्हे, हे निसर्गाचं. बहामाच्या उथळ समुद्रात तर दाणेसुद्धा बुंदीसारखेच गोल असतात, मोहरी-राजगिऱ्याएवढे, लाटांनी लोळत लोळत थरावर थर चढलेले. त्यांना ऊईड म्हणतात. अशा गोल दाण्यांची चुनखडी भिंगाखाली बघितली की लाडू कापल्यासारखीच दिसते.

काहीच_कळत_नाही

सर बेळगावात राहून लाडू? कुंदा घ्या की उदाहरणाला.

खडकवेडा

कुंद्याचं पण आहे. १९६२ मध्ये डनहॅम नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं चुनखडीची वर्गवारी केली, ती अजून चालते. त्याचा मुख्य प्रश्न एकच, दाणे एकमेकांना टेकलेत की चिखलात तरंगतात? नुसतं पिठलं असेल तर मडस्टोन. पिठल्यात इकडं तिकडं शेंगदाणे, म्हणजे वॅकस्टोन. मटकीची उसळ, दाणे टेकलेत पण फटींत रस्सा आहे, ती पॅकस्टोन. रस्साच नाही, नुसते दाणे आणि पाक, तो ग्रेनस्टोन, आपला लाडू. आणि मधाच्या पोळ्यासारखं जिवंतपणीच बांधलेलं, प्रवाळ किंवा लोकापूरच्या बांधावरचा कोबी, ते बाऊंडस्टोन. कुंदा रवाळ असला तरी दाणे खव्यात तरंगतात, वॅकस्टोन समजा. दाण्यांवरनं पाण्याची हालचाल कळते हे महत्त्वाचं. चिखल बसलाय म्हणजे पाणी शांत होतं, चिखल धुऊन गेलाय म्हणजे लाटा होत्या. शहाबादी फरशी एवढी सपाट निघते कारण तो बारीक चिखल शांत पाण्यात पातळ पातळ थरांनी बसला. (शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात, ते भीमेचं खोरं, आपलं कलादगी निराळं.)

बीएस्सी_पोरगं

सर परीक्षेत पिठलं लिहिलं तर चालेल का

खडकवेडा

मी तपासत असतो तर चाललं असतं.

घाट_बघितला_की_घाम

पण पाक येतो कुठनं? एवढ्या फटी भरायला बाहेरनं किती कॅल्शियम आणणार? एका खोलीभर वाळूत अर्धी जागा फटींचीच असेल.

खडकवेडा

वा. हा प्रश्न वर्गात मला तीस वर्षांत दोघांनीच विचारला. चुन्याच्या ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त जागा पाण्याची असते, आणि जुन्या चुनखडीत बहुतेक वेळा जेमतेम काही टक्के उरते. भर कुठनं येते? बरीचशी घरचीच. प्रवाळ आणि बरेच शिंपले अॅरागोनाईट नावाच्या खनिजाचे असतात. रसायन कॅल्साईटचंच पण बांधणी वेगळी, आणि ती टिकाऊ नाही. समुद्र मागं हटला, गाळ उघडा पडला, पावसाचं पाणी मुरलं की अॅरागोनाईट विरघळतं आणि तेच शेजारच्या फटीत कॅल्साईट म्हणून बसतं. शिंपला नाहीसा होतो, त्याच्या आकाराची पोकळी राहते, शेजारी मात्र दगड घट्ट होतो. एकाचं घर मोडून दुसऱ्याचं बांधायचं.

आणि मग येतो दाब, कारण दाब काहीच करत नाही असं मी म्हटलं नव्हतं. शेकडो मीटर खाली पुरल्यावर जिथं दोन दाणे एकमेकांवर रेटतात तिथं ते विरघळतात. त्याची खूण तुम्ही रोज तुडवता. बँकेत, हॉस्पिटलात, मॉलमध्ये पॉलिश केलेल्या चुनखडीच्या किंवा संगमरवराच्या फरशीत बारीक काळपट नागमोडी रेष दिसते, ईसीजीसारखी दातेरी. लोक तडा समजतात. तो तडा नाही, तिथं दगडाचा काही भाग विरघळून गेला आणि न विरघळणारी माती तेवढी रेषेत उरली. स्टायलोलाईट म्हणतात. गेलेला चुना आसपासच्या फटींत जाऊन बसला, म्हणजे तोही पाकच.

नागमोडी

आयडी बनवून चार वर्षं झाली, पहिल्यांदाच लिहितेय. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला असते, समोरच्या फरशीत अशीच रेष आहे, आठ वर्षं मी ती फट समजून हाऊसकीपिंगला तिथं जास्त फिनाईल मारायला लावतेय.

खानापूर_जंगल

सर एक विचारू, लक्षद्वीप प्रवाळाचं म्हणता, पण प्रवाळाला तर उथळ पाणी लागतं, मग भर समुद्रात उथळ जागा आली कुठनं?

खडकवेडा

खाली ज्वालामुखी आहे. डार्विननं १८४२ मध्ये मांडलं होतं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू बुडतं आणि प्रवाळ वर वर चढत राहतं. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर भोक पाडलं तेव्हा सुमारे १४०० मीटर चुनखडीनंतर खाली बसाल्ट लागला. एवढी जाडी असून ते सगळं उथळ पाण्यातलंच, कारण तळ खचत गेला आणि वरची भर चालू राहिली. आपल्यासाठी गंमत अशी की लक्षद्वीपच्या खालची ज्वालामुखीची रांग आणि अथणीकरांच्या मातीखालचा बसाल्ट पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्त ठिकाणाहून आले असं मानतात, भारत त्याच्यावरनं उत्तरेला सरकत गेला तसा माग उमटत गेला. अथणीच्या रानातले खडे आणि लक्षद्वीपची वाळू, दोन्ही त्याच लाव्ह्याच्या उरावर बसलीयेत.

बीएस्सी_पोरगं

आणि सर एकदम खोल समुद्रात? तिथं पण मेलेली कवचं पडत असतीलच.

खडकवेडा

पडतात, पण साधारण ४ ते ५ किमीच्या खाली पोचली की विरघळतात. थंड पाणी, जास्त दाब, जास्त गॅस, सोड्याची बंद बाटली. त्यामुळं समुद्रातल्या डोंगरांच्या माथ्यावर पांढरा गाळ आणि खोल दरीत लालसर चिखल, हिमालयात ठरावीक उंचीच्या वरच बर्फ दिसतो ना, तसं.

गोकाकचा_ठेकेदार

सरांनी डोलोमाईट म्हटलं ते राहिलं. लोकापूरकडचा सगळाच दगड चुन्याला चालत नाही, काही फेसच धरत नाही.

खडकवेडा

बरोबर, तोच. त्यात अर्ध्या कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं. थंड पातळ ऍसिडला तो दाद देत नाही, पूड केली तर किंचित फेसतो. जुन्या खडकांत डोलोमाईट प्रचंड आहे आणि आजच्या समुद्रात तो होताना फार कमी ठिकाणी दिसतो, हे कोडं दोनशे वर्षं झाली तरी नीट सुटलेलं नाही. यावर बोलायला बसलो तर दुसरा धागा लागेल.

गोकाकचा_ठेकेदार

माझे आजोबा चुन्याची भट्टी लावायचे. खाली लाकडं, मग दगडाचा थर, कोळशाचा थर, परत दगड. तीन-चार दिवस जळायची. ते सांगायचे, भट्टीत गाडीभर दगड घातला की अर्धी गाडीच चुना निघतो, बाकीचा अग्नी खातो. लहानपणी वाटायचं मजूर चोरतात. नंतर डिप्लोमाला कळलं की शुद्ध १०० किलो दगडातनं ४४ किलो गॅस उडून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. आजोबांचा अंदाज चुकीचा नव्हता. मग त्या कळीवर पाणी मारायचं, ती फुलायची, उकळायची, जवळ उभं राहू देत नव्हते, डोळ्यात उडाला तर डोळा जायचा. मग दगडी चाकाच्या घाण्यात बैल लावून वाळूबरोबर मळायचा, गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालून.

आता सरांचं वाचताना डोक्यात आलं की भिंतीतला चुना हवेतला तोच गॅस परत पितो आणि घट्ट होतो, म्हणजे परत चुनखडीच झाली की. विजापूरचा गोल घुमट १६५६ चा, त्याचा वरचा घुमट विटा आणि चुन्यात बांधलाय. त्याच्या गिलाव्यात दगड विरघळून नव्हे, जळून परत दगड झालाय.

खडकवेडा

अगदी बरोबर. आणि तुमचे आजोबा माझ्यापेक्षा चांगले शिक्षक होते.

निपाणीकर_तात्या

थांबा ओ. मग डबीतला चुना? गिऱ्हाईक तक्रार करतंय डबी रातभर उघडी राहिली की चुना खडखडीत होतोय आणि जिभेला झोंबत न्हाई, मला वाटायचं नुसता वाळतोय. तो पण दगड व्हालाय काय?

खडकवेडा

वाळतो तर खराच, पण वरची पापडी झाली असेल ती कार्बोनेट. करून बघा. ताज्या चुन्यावर लिंबू पिळा, फेस येणार नाही किंवा अगदी नावाला येईल. जुन्या कडक झालेल्याचा चुरा करून त्यावर पिळा, फसफसेल. हात धुवा नंतर, आणि डोळ्याला लावू नका.

निपाणीकर_तात्या

केलं. दुकानात चार माणसं जमली. ताजा गप्प बसला, डबीच्या कडेचा जुना जो होता तो सर्रर्र करून उठला. एकजण म्हणतोय तात्या सोडा घातलाय तुम्ही त्यात.

शहापूरची_सून

काय काय निघालं एका लिंबातनं! पॉलिशवाल्याला विचारलं, तो म्हणाला एका ओट्यासाठी मशीन आणणं परवडत नाही, सोसायटीत अजून दोन-तीन ओटे मिळाले तर येतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडं व्हिनेगरचे आहेत, खालच्यांकडं चिंचेचे, त्यामुळे येईल बहुतेक. तोपर्यंत सासूबाईंनी त्या डागांवर लाकडी पाट ठेवलाय आणि लिंबं आता अंगणात चिरायची असा नियम केलाय. मुलानं गिझरची ती कपची शाळेत नेली, लोकापूरची म्हणून दाखवली. बाईंनी फळ्याशेजारी ठेवलीय. खरं सांगायला सांगितलंय त्याला उद्या.

लोकापूर_डबल_रोड

सर, बांधावर जाऊन बघितलं. वाट्या उलट्या हायत. फुगीर बाजू खाली. आज्जी शंभर कोटी वर्षांच्या बुडावर बसून शेंगा फोडत होती म्हणायची. फोटो टाकतो, आधी घाण साफ करतो, वर बकरी बसलीय.